दिवसाला ३५ ऑर्डरी, २०० मेल. गिऱ्हाइकाचा मेल त्यात सापडंना

हळदवाला_वसमत

राम राम मंडळी. हळद पावडर, आख्खी हळकुंडं आणि काळा मसाला ऑनलाइन विकतोय. वूकॉमर्सवर (वर्डप्रेसच्या साइटवर दुकान चालवायचं सॉफ्टवेअर) स्वतःची साइट, शिवाय ॲमेझॉनवर तीन वस्तू. सरासरी ३५ ऑर्डरी रोजच्या. सगळे मेल एकाच फुकटच्या जीमेलवर येतात. डोमेनवरचा संपर्काचा पत्ता आहे, पण तोही होस्टिंगवरून याच जीमेलला फॉरवर्ड केलेला.

मेलचा हिशोब असा: एका ऑर्डरीमागं साइटचा एक, पेमेंट गेटवेचा एक, कुरिअरचे तीन (लेबल तयार, पिकअप झालं, पोचलं). म्हणजे १७५ इथंच झाले. गिऱ्हाइकांचे १५-२०. बाकी जाहिराती आणि जीएसटीचे निरोप.

विषयात 'ऑर्डर' शब्द असला की मेल इनबॉक्स सोडून लेबलमध्ये जावा, असं फिल्टर लावलंय. इनबॉक्स मोकळा दिसतो, पण 'पत्ता बदला', 'एक किलो नको, अर्धाच पाठवा' असले मेल पार्सल निघून गेल्यावर हाती लागतात.

तीन गोष्टी विचारायच्यात. फिल्टर कुठं चुकतंय? मी आणि भाचा दोघं उत्तरं देतो, एकाच माणसाला दोन उत्तरं जातात, त्याला काय करावं? आणि साइटवरून गिऱ्हाइकाला जाणारा ऑर्डरीचा मेल त्याच्या स्पॅममध्ये का पडतो? महिन्याला पैसे भरायचं सॉफ्टवेअर सध्या नको.

लातूरकर_डाळ

दादा, फिल्टर विषयावर लावलंय तिथंच घोटाळा आहे. गिऱ्हाईक कधी नवा मेल लिहीत नाही. साइटवरून गेलेल्या ऑर्डरीच्या मेललाच रिप्लाय मारतं, आणि त्या रिप्लायच्या विषयात 'ऑर्डर' असणारच. तुमचं फिल्टर नेमकी माणसं बाजूला काढतंय. फिल्टर लावायचं ते पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर.

पण फिल्टर नंतर. आधी नळ बंद करा, मग फरशी पुसा.

वूकॉमर्समध्ये सेटिंग्ज, मग ईमेल्स. तिथं प्रत्येक मेलची वेगळी ओळ दिसते आणि तो कुणाला जातो हे समोरच लिहिलेलं असतं. 'न्यू ऑर्डर', 'कॅन्सल्ड ऑर्डर', 'फेल्ड ऑर्डर' हे दुकानदाराला येतात. 'न्यू ऑर्डर' बंद करा. पॅकिंग तुम्ही साइटच्या ऑर्डर यादीवरूनच करत असणार, मग तीच बातमी मेलवर कशाला? 'कॅन्सल्ड' चालू ठेवा. 'फेल्ड' चालू ठेवायचा तो पेमेंट अडकलेल्या गिऱ्हाइकाला कुणी फोन करणार असेल तरच. एक जपा: 'प्रोसेसिंग ऑर्डर' आणि 'कम्प्लीटेड ऑर्डर' हे गिऱ्हाइकाचे मेल आहेत. घाईघाईत तेही बंद केले तर 'माझी ऑर्डर मिळाली का' विचारणारे दुप्पट होतील.

पेमेंट गेटवेच्या खात्यात दर पेमेंटचा मेल बंद करून दिवसाचा एक सेटलमेंट रिपोर्ट ठेवा. रिफंड आणि चार्जबॅकचे (गिऱ्हाइकानं बँकेकडून पैसे परत मागितल्याचे) मेल मात्र अजिबात बंद करू नका. चार्जबॅकला कागदपत्रं द्यायची मुदत असते, ती हुकली की पैसे गेले.

कुरिअरच्या तीनपैकी एकाचाही तुम्हाला उपयोग नाही. ते गिऱ्हाइकाला जाऊ द्या. तुम्हाला हवा तो एनडीआरचा, म्हणजे 'डिलिव्हरी झाली नाही' हा मेल. दार बंद, फोन लागंना, पत्ता अपुरा, काहीही कारण असो, त्यावर वेळेत उत्तर गेलं नाही तर पार्सल माघारी फिरतं आणि जाण्या-येण्याचं भाडं आपल्या बोकांडी बसतं.

ॲमेझॉनचं सेलर सेंट्रलमध्ये सेटिंग्ज, नोटिफिकेशन प्रेफरन्सेस. तिथले प्रचाराचे आणि अहवालांचे मेल काढून टाका, 'बायर मेसेजेस' ठेवा. त्याला २४ तासांत उत्तर जावं अशी त्यांची मोजणी असते, आणि त्यात रविवार किंवा सणवार धरून सूट नाही.

एवढं केलं की १७५ मधले दहा-पंधराच उरतील. आता फिल्टर. हे संगणकावर करा, फोनमधल्या जीमेल ॲपात फिल्टर बनवायची सोय नाही. सर्चच्या खोक्याच्या उजव्या कडेला आडव्या रेघांचं चिन्ह आहे, ते दाबलं की फॉर्म उघडतो. 'फ्रॉम'मध्ये कुरिअरचा पूर्ण पत्ता टाका, 'डझन्ट हॅव'मध्ये त्यांच्या एनडीआर मेलच्या विषयातला ठरलेला शब्द टाका. आधी 'सर्च' दाबून कोणकोणते मेल येतात ते बघा. बरोबर वाटले तरच 'क्रिएट फिल्टर', मग 'स्किप द इनबॉक्स' आणि 'अप्लाय द लेबल'. खाली 'ऑल्सो अप्लाय' अशी खूण असते. ती केली तर जुने मेलही हलतात, नाही केली तर फिल्टर नव्या मेलपुरतंच चालतं.

लेबलं चारच्या वर नकोत. तातडी, तक्रार, पैसे, यंत्रांचे मेल. पंधरा लेबलं करणारा माणूस पंधरा इनबॉक्स सांभाळत बसतो.

हळदवाला_वसमत

न्यू ऑर्डर आणि कुरिअरचे मेल बंद केले, धन्यवाद दादा. एक अडचण राहिली. साइटच्या पत्त्यावरून येणारे मेल इनबॉक्सबाहेर काढावेत म्हणलं, तर साइटवरचा चौकशीचा फॉर्मही त्याच पत्त्यावरून येतो. घाऊक मालाची चौकशी तिथूनच येते, ती आत दबून जाईल.

परभणी_वेबवाली

दबणारच. तुमच्या साइटवरून निघणारा प्रत्येक मेल, मग तो ऑर्डरीचा असो, फॉर्मचा असो की 'प्लगिन अपडेट झालं' हा असो, एकाच पत्त्यावरून निघतो. म्हणून इथं पत्ता आणि विषय दोन्ही लावावे लागतात. फॉर्मच्या प्लगिनमध्ये मेलचा विषय ठरवता येतो. तिथं सुरुवातीला 'चौकशी' हा शब्द पक्का टाका आणि साइटच्या फिल्टरमध्ये 'डझन्ट हॅव'मध्ये 'चौकशी' लिहा. झालं.

त्याच पानावर आणखी दोन रकाने बघून घ्या, कारण निम्म्या साइटींवर ते चुकीचे भरलेले असतात. 'फ्रॉम'मध्ये तुमच्या डोमेनचा पत्ता हवा आणि 'रिप्लाय टू'मध्ये गिऱ्हाइकानं फॉर्मात भरलेला पत्ता. काही जण 'फ्रॉम'मध्येच गिऱ्हाइकाचा पत्ता टाकतात. मग तुमचा सर्व्हर दुसऱ्याच्या नावानं मेल पाठवतोय असं दिसतं आणि मेल स्पॅममध्ये पडतो, नाहीतर येतच नाही. 'रिप्लाय टू' रिकामा असेल तर तुम्ही दिलेलं उत्तर तुमच्याच पत्त्यावर परत येतं. गिऱ्हाईक वाट बघत बसतं आणि आपल्याला वाटतं उत्तर दिलंय.

आता तिसऱ्या प्रश्नाचं. वर्डप्रेस मेल पाठवतो तो मूळच्या सोयीत थेट होस्टिंगच्या सर्व्हरवरून, कुठलंही लॉगिन न करता. शेअर्ड होस्टिंगवर त्याच सर्व्हरचा पत्ता इतर शेकडो साइटी वापरतात. त्यातल्या एकीनं घाण केली तरी डाग सगळ्यांना लागतो. हे बदलायचं असं:

एसएमटीपीचं (मेल सर्व्हरवर लॉगिन करून मेल पाठवायच्या पद्धतीचं) एक प्लगिन टाका आणि साइटचे मेल डोमेनच्या खऱ्या मेलबॉक्समधून लॉगिन करून पाठवा.

मग डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनची इंटरनेटवरची नोंदवही) तीन नोंदी. एसपीएफ: तुमच्या नावानं कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी. ही नोंद एका डोमेनला एकच असते. होस्टिंगची एक आणि न्यूजलेटरवाल्याची दुसरी अशा दोन ठेवल्या की दोन्ही बाद होतात, त्यामुळं एकाच ओळीत मिसळा. डीकेआयएम: मेलवरची सही. ती होस्टिंगच्या पॅनलमध्ये 'ईमेल डिलिव्हरेबिलिटी'सारख्या पानावर चालू करता येते. डीमार्क: वरच्या दोन्हीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं याची सूचना. सुरुवातीला धोरण 'नन' ठेवा, म्हणजे काही अडत नाही, फक्त अहवाल येतात. ते अहवाल रोज येतील, त्यांनाही फिल्टर लावून ठेवा, नाहीतर एक आग विझवताना दुसरी लागायची.

गूगलनं फेब्रुवारी २०२४ पासून दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही नोंदी सक्तीच्या केल्या, याहूनंही मोठ्या प्रमाणात पाठवणाऱ्यांना केल्या. तुमचा आकडा त्याच्या जवळपासही नाही. तरीही करा, कारण लहान पाठवणाऱ्यालाही एसपीएफ किंवा डीकेआयएम यातलं एक तरी लागतंच.

तपासायला साइटवर स्वतःच एक ऑर्डर टाका, मेल दुसऱ्या जीमेलवर मागवा, उघडून तीन ठिपक्यांतलं 'शो ओरिजिनल' दाबा. वरच एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्कसमोर 'पास' की 'फेल' ते लिहिलेलं दिसतं.

फॉरवर्डिंगबद्दलही सांगते. होस्टिंगवरून जीमेलला फॉरवर्ड केलेल्या मेलचं एसपीएफ बहुतेक वेळा मोडतं, कारण मेल आता तुमच्या होस्टिंगवरून येतोय आणि नाव गिऱ्हाइकाच्या कंपनीचं आहे. म्हणून जीमेलचा स्पॅम रोज एकदा चाळा. ३० दिवसांनी तो आपोआप पुसला जातो.

जालना_पॅकिंग

दोन माणसांचं मी सांगतो.

एक पासवर्ड दोघांत वाटू नका. जीमेलमध्ये सेटिंग्ज, 'अकाउंट्स अँड इम्पोर्ट', 'ग्रँट ॲक्सेस टू युवर अकाउंट'. तिथं भाच्याचा पत्ता टाका. तो स्वतःच्या लॉगिनमधून तुमचा मेलबॉक्स उघडतो, पासवर्ड त्याला बदलता येत नाही. फुकटच्या खात्यात असे दहा जण जोडता येतात. तिथंच विचारतात की दुसऱ्यानं मेल उघडला तर 'वाचलेला' दाखवायचा का. 'लीव्ह अनरेड' नका ठेवू, दोघांना तो न वाचलेला दिसेल आणि दुहेरी उत्तराचा घोळ तसाच राहील.

पण खरा इलाज सेटिंगात नाही, वाटणीत आहे. मेल माणसांत नव्हे, कामात वाटा. पार्सल निघण्या-पोचण्याचं सगळं भाच्याकडं: पत्ता, वजन, रद्द, डिलिव्हरी. पैसे, फुटलेला माल, घाऊक भाव तुमच्याकडं. दुसऱ्याच्या वाटणीचा मेल उघडला गेला तर उत्तर द्यायचं नाही, लेबल लावून सोडायचा.

वेळही पार्सलवरूनच ठरवा. कुरिअरची लेबलं छापायच्या अर्धा तास आधी मेलमधली 'तातडी' बघायची, ही दिवसातली एकमेव न चुकवायची वेळ. पत्ता बदलायचा मेल लेबल छापायच्या आधी दोन मिनिटांचं काम असतो. छापल्यावर लेबल रद्द करा, नवं काढा, पिकअपवाल्याला थांबवा. पार्सल उचलल्यावर तर काहीच हातात राहत नाही. दुपारी पिकअप असेल तर सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा बसा, पुरे. अँड्रॉइडवर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये 'मॅनेज लेबल्स' आहे, तिथं फक्त 'तातडी'लाच आवाज ठेवा. बाकीच्यांना मुकं करा.

आणि मेलबॉक्सला ऑर्डरीची वही करू नका. मेलमध्ये 'अर्धा किलो करा' आलं की आधी साइटवरच्या त्या ऑर्डरीच्या नोटमध्ये लिहा, मग उत्तर द्या, मग मेल आर्काइव्ह. इनबॉक्समध्ये फक्त आपण ज्याचं उत्तर देणं लागतो तेवढंच राहिलं पाहिजे.

सिडको_दुकान

वरचं सगळं बरोबर. पण १५-२० मेल येतातच का, तेही बघा ना. हळदीच्या धंद्यात ठरलेले प्रश्न चार: माल कुठवर आलाय, कर्क्युमिन (हळदीतला पिवळा घटक) किती टक्के, ही जीआयवाली (भौगोलिक मानांकनाची) वसमतची हळद आहे का, आणि पाकीट फुटलं.

पहिल्याला इलाज म्हणजे निघाल्याच्या मेलमध्ये ट्रॅकिंगची लिंक, तीही सगळ्यात वर. आणि वस्तूच्या पानावर एक ओळ: 'दुपारी अमुक वाजेपर्यंतची ऑर्डर त्याच दिवशी निघते, रविवारी पार्सल निघत नाही.' 'लवकरच पाठवू' असं लिहिलं की प्रत्येक जण आपापला लवकर धरतो.

कर्क्युमिनचा आकडा लॅबच्या रिपोर्टवरून लॉट नंबरसकट पानावर टाका. लॉट बदलला की आकडा बदला. जुना रिपोर्ट नव्या मालाला चालवला की मेल नाही, वाद येतात.

वसमत हळदीला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, तेव्हापासून हा प्रश्न पक्का आहे. उत्तर नेमकं द्या. जीआयचं नाव आणि चिन्ह नोंदणीकृत 'ऑथराइज्ड युजर'नाच वापरता येतं. तुमची नोंद असेल तर नंबर लिहा. नसेल तर 'वसमत भागातल्या शेतातली सेलम हळद' असं जे खरं तेवढंच लिहा, चिन्ह लावू नका.

फुटलेल्या पाकिटाला टेम्प्लेट ठेवा. सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड, टेम्प्लेट्स एनेबल. मजकूर असा:

'नमस्कार, ऑर्डर क्र. ★★★ मधलं पाकीट फुटल्याची तक्रार दि. ★★★ रोजी नोंदवली आहे. कृपया याच मेलला चार फोटो जोडा: डब्यावरचं कुरिअरचं लेबल, डबा बाहेरून, डबा आतून, आणि पाकिटावरचा बॅच नंबर. बदली पाकीट हवं की पैसे परत, तेही कळवा. फोटो मिळाल्यावर पुढच्या कामाच्या दिवशी निर्णय कळवतो.'

चारही फोटो एकदम मागायचे. आधी एक, मग 'लेबलचा पण पाठवा' असं केलं की एका तक्रारीचे सहा मेल होतात. लेबलचा फोटो कुरिअरकडं दावा लावायला लागतो, बॅच नंबर आपल्याला त्या दिवशीचं सील तपासायला. हळदीचं पाकीट बहुतेक वेळा आडव्या सीलवर उसवतं. सीलच्या पट्टीत पावडरीची भुकटी अडकली की ती धड चिकटतच नाही. एकाच बॅचच्या तीन तक्रारी आल्या तर मेलला उत्तर देत बसू नका, सील मशीनकडं जा.

रिकाम्या जागी चांदण्या ठेवल्यात त्या मुद्दाम. नुसती रेघ असली की ती न भरताच मेल जातो. चांदणी डोळ्यात खुपते. आणि टेम्प्लेट जपून ठेवताना खालची सही काढा, नाहीतर दोनदा येते. फोनवर जीमेलची टेम्प्लेटं दिसत नाहीत. तिथं कीबोर्डच्या वैयक्तिक शब्दकोशात 'फुट१' असा आखूड शब्द देऊन लहान उत्तर साठवा.

लातूरकर_डाळ

सिडकोवाले, तक्रारीला आपोआप पोच जाईल असं उत्तर लावलं तर? ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणं तक्रार निवारण अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि एक महिन्यात निकाल लावायचा असं आहे. स्वतःच्या साइटवरून विकणाऱ्यालाही ते लागू आहे, आणि त्या अधिकाऱ्याचं नाव, पद, संपर्क साइटवर असावा लागतो. घरचाच माणूस असला तरी चालतो.

सिडको_दुकान

नियम बरोबर, पण त्यासाठी 'व्हेकेशन रिस्पॉन्डर' लावू नका. तो एका माणसाला चार दिवसांत एकदाच उत्तर देतो. सोमवारी चौकशी, बुधवारी तक्रार, तर बुधवारी पोच जाणारच नाही आणि आपण निर्धास्त.  तक्रारीचा वेगळा पत्ता काढा, त्या पत्त्यावर आलेल्या मेलला फिल्टरमधलं 'सेंड टेम्प्लेट' लावा. पोचेत अधिकाऱ्याचं नाव हवं, 'आपला मेल महत्त्वाचा आहे' ही ओळ नको. ती वाचून कुणाचं डोकं शांत झालंय?

जीएसटीच्या मेललाही कुठलंच फिल्टर लावू नका. नोटीस पोर्टलवर येते आणि मेल फक्त इशारा असतो, तरी तोच हुकला की मुदत निघून जाते. मेलमधल्या लिंकवर मात्र जायचं नाही, पोर्टल हातानं उघडून बघायचं. पेमेंट गेटवेच्या नावानं 'केवायसी संपलं, सेटलमेंट थांबेल' असे बनावट मेल येतात, त्यांनाही हाच नियम. चुकून पैसे गेलेच तर १९३० ला ताबडतोब फोन.

हळदवाला_वसमत

लई कामाचं सांगितलंत सगळ्यांनी. फॉर्मचा 'रिप्लाय टू' खरंच रिकामा निघाला. शेवटचं एक: मागचे अकरा हजार न वाचलेले मेल पडलेत आणि जागा १५ जीबीपैकी १४ वर गेलीय. पुसून टाकू का?

परभणी_वेबवाली

सरसकट पुसू नका. जीएसटीचे हिशोब वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात, आणि मालाची, पाकिटांची, कुरिअरची बिलं त्याच ढिगात असणार. आधी सर्चच्या फॉर्ममध्ये 'हॅज अटॅचमेंट'वर खूण करून एकेका पुरवठादाराच्या पत्त्यानं शोधा, पीडीएफ बिलं उतरवून वर्षवार फोल्डरमध्ये ठेवा. ती ड्राइव्हवर टाकू नका, ड्राइव्ह आणि फोटो त्याच १५ जीबीत मोजले जातात. संगणक आणि एक पेनड्राइव्ह.

मग 'साइज'मध्ये ५ एमबीच्या वरचे शोधा. फुटलेल्या पाकिटांचे फोटो निघतील. ज्या तक्रारी मिटल्यात त्यांचे पुसा. जागा खरी तिथंच अडकलेली असते, साध्या अक्षरी मेलमध्ये नाही. पुसल्यावर ट्रॅश रिकामा केल्याशिवाय जागा सुटत नाही. आणि हे आधी करा, कारण १५ जीबी भरले की येणारे मेल पाठवणाऱ्याकडं परत जातात आणि तुम्हाला कळतही नाही.

बाकीच्यांना नुसतं आर्काइव्ह. सर्चमध्ये older_than:30d असं, मध्ये जागा न सोडता टाइप करा, म्हणजे महिन्याच्या आधीचे सगळे येतात. वरची चौकट टिचकवली की फक्त समोरचे ५० निवडले जातात. त्याच्यावर 'सिलेक्ट ऑल कन्व्हर्सेशन्स दॅट मॅच धिस सर्च' अशी ओळ येते, ती दाबायची, मग आर्काइव्ह. वेळ घेईल, पान बंद करू नका. राहिलेले ३० दिवसांचे मात्र भाच्याला घेऊन हातानं बघा. त्यात पत्ता बदलायचे दोन-चार तरी निघतील.